व्हजायनोप्लास्टी: ऑपरेशनच्या आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष

व्हजायनोप्लास्टी म्हणजे ट्रान्स स्त्रीसाठी शस्त्रक्रियेने योनी घडवणं. तिच्याबद्दल, सर्जन कोण आणि खर्च किती, या दोन प्रश्नांपलीकडे आपल्याकडच्या गप्पा सहसा जात नाहीत. ऑपरेशन टेबलावरचे पाच-सहा तास सर्जनचे. त्याच्या आधीचे आणि नंतरचे महिने तुमचे, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. कुणी केस न काढता टेबलावर जाते. कुणी तिसऱ्या महिन्यात ‘आता दुखत नाही’ म्हणून डायलेशन (नवी योनी आकसू नये म्हणून आत डायलेटर, म्हणजे गुळगुळीत दांडा, घालून धरणं) सोडते. कुणी स्वस्तात लिंग-वृषण नुसते काढून घेते आणि दोन वर्षांनी योनी हवी म्हणून सर्जनकडे जाते, तेव्हा कळतं की सोपा रस्ता बंद झालाय.

हा लेख ट्रान्स स्त्रियांसाठी आहे, आणि त्यांच्या उशाशी बसणाऱ्या माणसासाठीही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: तुमच्या सर्जनने दिलेल्या सूचनांचा कागद आणि हा लेख यांत फरक आढळला, तर कागद खरा. पद्धतीप्रमाणे आणि शरीराप्रमाणे वेळापत्रकं बदलतात.

टप्पा १ : नेमकं काय करून घ्यायचंय ते ठरवा

‘ऑपरेशन’ हा एकच शब्द आपण चार वेगळ्या गोष्टींना वापरतो.

पेनाइल इन्व्हर्जन ही जगभर सर्वांत जास्त केली जाणारी पद्धत. लिंगाची त्वचा आत वळवून योनीची भिंत करतात, कमी पडली तर वृषणाच्या पिशवीची त्वचा जोडतात. लिंगाच्या टोकाचा संवेदना असलेला भाग, त्याच्या नसा आणि रक्तवाहिन्यांसकट, क्लिटोरिससाठी (शिश्निकेसाठी) वापरतात. मूत्रमार्ग आखूड करून खाली आणतात. प्रोस्टेट जागेवरच राहते.

सिग्मॉइड पद्धतीत मोठ्या आतड्याचा एक तुकडा योनी म्हणून वापरतात. खोली चांगली मिळते आणि आपोआप ओलावा असतो. पण तो ओलावा आतड्याचा असतो, म्हणजे स्राव रोजचा आणि सुरुवातीला बराच. शिवाय पोटाचं ऑपरेशन, आतड्याच्या जोडाची जोखीम आणि पुढे त्या तुकड्याला सूज येण्याची शक्यता, हे सगळं सोबत येतं. ‘ओलं राहतं म्हणजे उत्तम’ एवढ्याच कारणासाठी ही पद्धत निवडू नये, असं माझं मत.

पेरिटोनियल पद्धतीत पोटाच्या आतलं अस्तर ओढून खोली करतात, सहसा दुर्बिणीतून. त्वचा कमी असेल तेव्हा हा पर्याय पुढे येतो.

चौथी झिरो-डेप्थ. बाहेरचं सगळं घडवतात, आतला मार्ग नाही. आपल्याकडे हिचं नावही फारसं निघत नाही. पण ज्यांना आत प्रवेश होणारा संबंध नकोच आहे, ज्यांच्या घरी डायलेशनसाठी एकांत मिळणं अशक्य आहे, किंवा ज्यांची तब्येत लांबलचक ऑपरेशन झेपण्यासारखी नाही, त्यांनी ही पद्धत जरूर विचारात घ्यावी. डायलेशन लागत नाही आणि बरं होणंही तुलनेने सोपं. मात्र यातून पुढे खोली करायची ठरली, तर ते वेगळं आणि अवघड ऑपरेशन असतं.

सावधान : निर्वाण, म्हणजे लिंग आणि वृषण नुसते काढून टाकणं, हा योनी करण्याचा ‘पहिला हप्ता’ नाही. दाईकडून (हिजरा जमातीत परंपरेने ही कापणी करणारी) करून घ्या किंवा एखाद्या क्लिनिकात, ज्या त्वचेची योनी व्हायची आणि ज्या नसांची क्लिटोरिस व्हायची, तेच फेकलं जातं. मग उरतं आतडं किंवा पेरिटोनियम. घाईत केलेल्या कापणीत मूत्रमार्गाचं तोंड आकसतं, तो त्रास वेगळा. दाईकडे रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने जीवही जातो. निर्वाणच हवं असेल तर तो तुमचा निर्णय आहे, पण हॉस्पिटलात करा. आणि पुढे कधीतरी योनी हवी होईल असं जराही वाटत असेल, तर सर्जनला ते आधी सांगा.

सर्जनला पहिल्या भेटीत हे विचारा: तुम्ही कोणती पद्धत जास्त करता? माझ्याकडे त्वचा किती आहे? खोली साधारण किती मिळेल? रेक्टमला (गुदाशयाला) इजा झाली तर काय करता? नंतर काही बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा? शेवटच्या प्रश्नावर जो चिडतो, त्याच्याकडे जाण्याआधी दुसरं मत घ्या. फोटो दाखवत असतील तर आठवड्याचे नको, वर्षानंतरचे मागा.

टप्पा २ : लेटर, हार्मोन आणि बीज

मानसोपचारतज्ज्ञाचं लेटर लागतंच. डब्ल्यूपॅथ या ट्रान्सजेंडर आरोग्याच्या जागतिक संस्थेच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीतल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एक लेटर आणि किमान सहा महिने हार्मोन (ज्यांना हार्मोन नको असतात किंवा चालत नाहीत त्यांना सूट) पुरेसे आहेत. २०१२ च्या आवृत्तीत दोन लेटर आणि बारा महिने होते, आणि आपल्याकडचे बरेच सर्जन आजही तेच मागतात. वाद घालण्यात अर्थ नाही. सर्जनला काय लागतं ते विचारून त्याप्रमाणे लेटर घ्या, आणि त्यावरचं नाव व ओळखपत्रावरचं नाव जुळतंय ना ते तिथेच पाहा. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत सगळीकडे सोबत ठेवा.

वृषण काढले की स्वतःचं जैविक मूल होण्याची शक्यता संपते. वीर्य साठवायचं असेल तर ते हार्मोन सुरू करण्याआधी. हार्मोन चालू असताना शुक्राणू कमी होतात, कधी मिळतच नाहीत. साठवलेलं वीर्य पुढे वापरताना कायद्याच्या अटी येतात, त्या बँकेत आधीच विचारून घ्या. ‘मला मूल नकोच’ म्हणणाऱ्यांनीही एक रात्र यावर काढावी.

पैशांचं थोडक्यात. मेडिक्लेम असेल तर ‘कॉस्मेटिक’ म्हणून दावा फेटाळू नये यासाठी लेखी पूर्वमंजुरी घ्या, तोंडी हो-ला किंमत नाही. बजेट करताना ऑपरेशनच्या आकड्यात राहण्याचा खर्च, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, डायलेटर, जेल, पॅड, फॉलोअपचा प्रवास आणि दोन महिने न मिळणारा तुमचा पगार धरा. वेगळी गंगाजळी ठेवल्याशिवाय तारीख घेऊ नका. गुंतागुंत झाली तर दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं, आणि तेव्हा उसने मागायला वेळ नसतो.

टप्पा ३ : केस

सर्वांत जास्त चुकतं ते इथे, म्हणून सविस्तर.

इन्व्हर्जनमध्ये बाहेरची त्वचा आत जाते. तिच्यावर मुळं जिवंत असतील तर केस आत उगवतात. तिथे पुन्हा पोचून ते काढणं जवळजवळ अशक्य. त्यात स्राव अडकतो, वास येतो, गाठी होतात, संसर्ग होतो. ऑपरेशनच्या वेळी सर्जन त्वचेच्या मागून मुळं जाळतात, पण सगळी सापडत नाहीत. त्यावर विसंबू नका.

दाढीचे केस आणि इथले केस यांचा हिशोब वेगळा. कुठले काढायचे हे सर्जनकडून चित्रावर खूण करून घ्या: साधारणपणे लिंगाचा दांडा व त्याचा तळ, वृषणाच्या पिशवीचा मधला भाग आणि पिशवी ते गुदद्वार यांमधली पट्टी. बाहेरच्या ओठांवर केस असले तर काही बिघडत नाही. सगळंच गुळगुळीत करण्यात पैसे घालवू नका.

लेसर काळ्या, जाड केसांवर चालतो. पांढऱ्या आणि अगदी फिकट केसांवर नाही, तिथे इलेक्ट्रोलिसिस (विजेने एकेक मूळ मारणं) लागतं. सावळ्या त्वचेसाठी एनडी-यॅग किंवा तशा प्रकारच्या लेसरबद्दल विचारा. चुकीच्या मशीनने भाजून डाग पडतात, आणि भाजलेली त्वचा सर्जनच्या कामाची राहत नाही. दोन बैठकांत चार ते आठ आठवडे जातात आणि बैठका बऱ्याच लागतात, म्हणजे किमान वर्षभर आधी सुरुवात. शेवटच्या बैठकीनंतर तीनेक महिने थांबून केस पुन्हा येतात का ते पाहायचं असतं.

लेसर चालू असताना व्हॅक्स, चिमटा, धागा बंद. मूळच उपटलं तर लेसर मारणार कशावर? तिथे नुसता रेझर फिरवला तर चालतो.

तपासा : ऑपरेशनच्या तारखेआधी तीन महिने काहीही न काढता राहा. आरशात आणि बोटांनी पाहा. पाच-दहा विरळ केस दिसले तर सर्जनला दाखवा. पट्टाच दिसला तर तारीख पुढे ढकला. तारीख परत मिळते.

टप्पा ४ : शरीराची तयारी

तंबाखू बंद. कुठल्याही रूपात. सिगारेट सोडली पण सकाळची मशेरी चालू, हे मी इतक्यांदा ऐकलंय की मुद्दाम लिहिते: मशेरी, गुटखा, मावा, तपकीर, निकोटीनचं च्युइंगगम, हुक्का, सगळं यात आलं. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि नवी योनी व क्लिटोरिस त्या बारीक वाहिन्यांवरच जगायची असते. रक्त पोचलं नाही तर त्वचा काळी पडून मरते. किमान सहा आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर.

रक्ताच्या तपासण्या महिनाभर आधी करा, आदल्या दिवशी नाही. हिमोग्लोबिन कमी निघालं तर ते वाढायला वेळ लागतो. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात हवी. वजनाची मर्यादा सर्जनप्रमाणे बदलते, ती पहिल्या भेटीतच विचारा.

एचआयव्ही असेल तर ते लपवू नका. एचआयव्ही आहे म्हणून हे ऑपरेशन होत नाही, असं नाही. गोळ्या नियमित आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असला की होतं. लपवून गेलात तर हॉस्पिटलात तुमच्या गोळ्यांना खंड पडतो, तो धोका मोठा. एवढ्याच कारणावरून कुणी नकार देत असेल तर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा तुमच्या बाजूने आहे.

इस्ट्रोजेन ऑपरेशनआधी थांबवायचं का, याबद्दल डॉक्टरांच्यात दोन मतं आहेत. गुठळीच्या भीतीने काही जण दोन ते चार आठवडे आधी थांबवतात, काही जण चालू ठेवतात. तुम्ही स्वतःच्या मनाने दोन्ही करू नका. मात्र काय-काय घेताय ते खरं सांगा, मैत्रिणीकडून आणलेली इंजेक्शनंही. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि आयुर्वेदिक काढे-चूर्णांचीही यादी द्या.

जमलं तर पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीनदा आधीच जा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल कसे सोडायचे, हे डायलेशनच्या वेळी पहिल्यांदा शिकायला बसू नये.

टप्पा ५ : घराची तयारी

कमोड हवाच. भारतीय संडासात उकिडवं बसलं की टाक्यांवर ताण येतो आणि सहा ते आठ आठवडे ते टाळायचं असतं. घरात किंवा चाळीत सोय नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते.

खोलीला कडी हवी. हे वाचताना क्षुल्लक वाटतं. पण दिवसातून तीनदा, दर वेळी अर्धा-पाऊण तास, पाय दुमडून उताणं पडायचंय, तेही कित्येक महिने. वन रूम किचनमध्ये सहा माणसं असतील तर ते कसं जमणार, याचं उत्तर तारीख घेण्याआधी शोधा: वेळा ठरवून घ्या, पडदा लावा, नाहीतर पहिले तीन महिने दुसरीकडे राहा. डायलेशन सुटतं ते आळसाने कमी आणि लाजेने, अडचणीने जास्त.

सोबतीला पहिले दोन आठवडे पूर्ण वेळ एक माणूस. स्वयंपाक, लघवीची पिशवी रिकामी करणं, औषधं, आणि रात्री दोनला रिक्षा आणण्याची तयारी, एवढं त्याला जमायला हवं. ‘माझ्या चेल्या बघतील’ पुरेसं नाही. कोण, कोणत्या दिवशी, नावानिशी ठरवा.

गावाहून मुंबई-पुण्याला जात असाल तर डिस्चार्जनंतर हॉस्पिटलजवळच किमान दोन आठवडे, जमलं तर तीन-चार, मुक्काम ठेवा. ताज्या टाक्यांवर एसटीचा आठ तासांचा प्रवास म्हणजे अक्षरशः आगीतून फुफाट्यात.

आणून ठेवायच्या वस्तू: पाण्याचं बेस असलेलं ल्युब्रिकंट जेल (वाटतं त्याच्या चौपट), मोठे सॅनिटरी पॅड, बेडवर घालायचे शोषून घेणारे अंडरपॅड, हातात धरायचा आरसा, सैल सुती गाऊन आणि निकर, बिनवासाचा सौम्य साबण, इसबगोल किंवा डॉक्टरांनी लिहिलेलं पोट साफ होण्याचं सिरप, बसायला मऊ उशी, थर्मामीटर, आणि डायलेशनच्या नोंदींसाठी एक वही.

टप्पा ६ : हॉस्पिटलमधले दिवस

आदल्या दिवशी, कधी दोन दिवस आधीपासून, पातळ आहार. मग पोट साफ करणारं औषध पाण्यात मिसळून प्यायचं. चव वाईट असते, अर्धं सोडू नका. आतडं रिकामं नसेल आणि रेक्टमला इजा झाली, तर साधी दुरुस्ती गुंतागुंतीची होऊन बसते.

शुद्ध येईल तेव्हा लघवीची नळी असेल, आत घट्ट भरलेलं पॅकिंग असेल, वर जाड ड्रेसिंग. दुखण्यापेक्षा दडपण जास्त जाणवतं: सतत शौचाला लागल्यासारखं. ते पॅकिंगमुळे. कुंथू नका. पायांना काम द्या, पावलं वर-खाली हलवा, पायमोजे आणि गुठळी न होण्याची इंजेक्शनं टाळू नका. एखादा पाय बधिर वाटला तर लगेच सांगा. तासन्‌तास पाय वर बांधून ठेवल्याने नस दबलेली असू शकते.

सूज आणि निळे-जांभळे डाग बघून घाबरायला होतं. पहिल्या आठवड्यात आरशात दिसतं त्यावरून कसलाही निष्कर्ष काढायचा नाही. एक ओठ मोठा, एक लहान, सगळं सुजलेलं, हे असंच असतं. आकार खरा दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं.

साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी पॅकिंग काढतात. गॉझची लांबलचक पट्टी आतून सरकत येते, येतच राहते, आणि संपली की एकदम पोकळ वाटतं. थोडं रक्त येतं. त्याच बैठकीत सर्जन किंवा नर्स पहिलं डायलेशन करून दाखवतात. हा क्षण वाया घालवू नका:

* आरसा हातात घ्या. मूत्रमार्गाचं तोंड कुठलं, योनीचं कुठलं, बोट ठेवून दाखवायला सांगा. सुजेत दोन्ही ओळखू येत नाहीत.
* डायलेटरवर किती खुणा आत गेल्या ते वहीत लिहा. तुमची मूळ खोली ती. पुढची सगळी तुलना याच्याशी.
* दुसरं डायलेशन तुमच्या हाताने, त्यांच्या समोर करा. ‘घरी जमेल’ म्हणून उठू नका.
* परवानगी घेऊन त्यांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग करा. गुंगीच्या औषधात ऐकलेलं आठवत नाही.

नळी काढली की सहा-आठ तासांत लघवी व्हायला हवी. धार वेडीवाकडी उडते, मांडीवर जाते, तेही सुजेमुळेच. काहीच होत नसेल आणि ओटीपोट तटतटत असेल तर रात्र काढू नका, नर्सला बोलवा. काहींना नळीसकट घरी पाठवतात. तेव्हा पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवा, पण जमिनीवर टेकवू नका.

तपासा : डिस्चार्जआधी हातात काय हवं? ऑपरेशनच्या नोंदी असलेलं कार्ड, डायलेशनचं लेखी वेळापत्रक, रात्री उचलला जाणारा फोन नंबर, आणि कागदपत्रांत लिंग बदलण्यासाठी वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीचं प्रमाणपत्र. हे शेवटचं नंतर मिळवायला फार हेलपाटे पडतात.

टप्पा ७ : डायलेशन

नवी योनी शरीराच्या दृष्टीने जखम आहे, आणि जखम आकसून बंद होते. तिला उघडं ठेवणं हे पहिल्या वर्षाचं काम. त्वचेच्या योनीत हे सर्वांत कडक. सिग्मॉइडमध्ये खोली टिकते, पण तोंडाशी आकसतं, म्हणून तिथेही डायलेशन लागतंच, वेळापत्रक वेगळं.

सर्वसाधारण क्रम असा: पहिले तीन महिने दिवसातून तीनदा, मग सहाव्या महिन्यापर्यंत दिवसातून एकदा, पुढे एक दिवसाआड, आणि नऊ महिने ते वर्षानंतर आठवड्यातून एक-दोनदा. ते बहुधा कायमचं. दर वेळी दहा ते तीस मिनिटं. तुमच्या सर्जनचा आकडा यांतला कोणता, ते त्यांना विचारा. मिनिटं मोजायची ती डायलेटर पूर्ण खोलीला पोचल्यावर. आत जाईपर्यंतचा वेळ धरायचा नाही.

कृती:

१. लघवी करून या. हात आणि डायलेटर साबणाने, कोमट पाण्याने धुऊन घ्या.

२. उताणं पडा, गुडघे दुमडून बाजूला सोडा. पाठीखाली उशी. खाली अंडरपॅड.

३. डायलेटरला आणि योनीच्या तोंडाला भरपूर जेल. कंजूषी नाही. व्हॅसलिन नको. डायलेटर सिलिकॉनचा असेल तर सिलिकॉनचं जेलही नको.

४. सर्वांत लहान आकाराने सुरुवात. टोक तोंडाशी ठेवून दीर्घ श्वास घ्या. श्वास सोडताना हलकेच आत. शौचाला करताना जसं खाली सोडतो तसं सोडलं की स्नायू सैल पडतात.

५. दिशा महत्त्वाची. आधी पाठीच्या बाजूला तिरकं, अंदाजे ४५ अंशांत, पुढच्या हाडाच्या खालून. हाड ओलांडलं की सरळ आत. सुरुवातीपासून सरळ ढकललं तर हाडावर आपटतं. आणि पुढेही तिरकंच ढकलत राहिलात तर जोर रेक्टमच्या बाजूला जातो.

६. अडलं तर जोर लावू नका. थांबा, एक मिनिट तसंच धरा, श्वास घ्या, पुन्हा हलका दाब. शेवट आला की मऊ पण ठाम अडथळा लागतो. तिथे हलका दाब देऊन धरून ठेवा. आत-बाहेर करायचं नाही.

७. सर्जनने सांगितलं तेव्हाच मोठा आकार. आधी लहान, मग मोठा, असा क्रम एकाच बैठकीत.

८. काढून धुवा, पुसा, खुणा वहीत लिहा.

दडपण, ताण, थोडी जळजळ, जेलमध्ये गुलाबीसर रंग, हे चालतं. सुरीसारखी कळ चालत नाही. वेदनाशामक गोळी अर्धा तास आधी घेतली तर सकाळची बैठक सोपी जाते.

नेहमीच्या चुका. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ, त्याने सूज वाढते. घट्ट झालंय म्हणून सोडूनच देणं. उलट करा: एक आकार खाली या, वेळ वाढवा, आणि दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर सर्जनला फोन करा. डायलेटर हरवला म्हणून मेणबत्ती, बाटली, भाजी, हे मुळीच नको. मोडतं, अडकतं, जखम करतं. आणि ‘आता नवरा आहे, वेगळं डायलेशन कशाला’ ही समजूत. संबंधाने खोली आणि रुंदी नेमकी राहत नाही, पहिल्या वर्षात तर मुळीच नाही.

हिजरा जमातीत निर्वाणानंतर चाळीस दिवस पाळायची रीत आहे. विश्रांती म्हणून ती चांगलीच. पण त्या काळात आंघोळ, गोळ्या आणि डायलेशन थांबता कामा नये, आणि एकेचाळिसाव्या दिवशी सगळं संपलं असंही नाही.

टप्पा ८ : घरचे पहिले तीन महिने

स्वच्छता साधी ठेवा. बाहेरून सौम्य साबण आणि पाणी, टिपून कोरडं करा. शौचानंतर धुताना आणि पुसताना नेहमी पुढून मागे. जेट स्प्रे वापरत असाल तर त्याचं तोंड मागून पुढे धरू नका, सगळी घाण योनीत जाते. आतून डूश (पाण्याने धुणं) कधी आणि कशाने, ते सर्जन सांगतील. डेटॉल, हळद, लिंबू, फिटकरी, तुरटीचं पाणी, सुगंधी वॉश, आत काहीही नाही.

पिवळसर-तपकिरी स्राव सहा-आठ आठवडे येतो. त्याला थोडा वासही असतो. योनीच्या खालच्या कोपऱ्यात, गुदद्वाराच्या बाजूला, टाके थोडे उसवणं बरंच आढळतं. बहुतेक वेळा स्वच्छ ठेवलं की आपोआप भरतं. आत लालभडक, शिवलं की रक्त येणारं मांस वाढलं तर त्याला ग्रॅन्युलेशन म्हणतात. डॉक्टर सिल्व्हर नायट्रेटची काडी लावून ते घालवतात. तेही सर्रास होतं, घाबरू नका, पण स्वतः औषध लावू नका.

बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. पाणी, भाज्या, इसबगोल, आणि लिहून दिलेलं सिरप. जोर करून कुंथण्याइतकं टाक्यांना वाईट दुसरं काही नाही.

चाला, रोज थोडं जास्त. पण पाण्याची घागर, गॅस सिलिंडर, पाच किलोच्या वर काहीही उचलू नका, सहा आठवडे. दुचाकी, सायकल, पोहणं, टबात बसणं दोन महिने तरी बंद. बसून करायचं काम सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करता येतं. लोकलच्या गर्दीत उभं राहून जाणं त्याहून उशिरा. संबंध तीन महिन्यांआधी नाही, आणि सर्जनने तपासून हो म्हटल्यावरच. कंडोम तेव्हाही लागतो. नारळाचं तेल लेटेक्सचा कंडोम फाडतं.

नसा जोडल्या जाताना विजेचा झटका बसल्यासारख्या चमका येतात. काही भाग बधिर, काही नको इतका हळवा. सुखाची संवेदना परत यायला महिने लागतात. ती ओळखीची नसते, नव्याने शिकावी लागते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुष्कळ जणींना रडू कोसळतं. ‘आयुष्यभर जे हवं होतं ते मिळालं, मग मी रडते का?’ भूल उतरलेली, झोप तुटलेली, हार्मोन खाली-वर झालेले, दिवसातून तीनदा दुखणं, आणि भेटायला येणारे सगळे विचारतात, ‘खूश ना आता?’ याला पश्चात्ताप समजू नका आणि लपवूही नका. लेटर देणाऱ्या डॉक्टरांची एक भेट या काळासाठी आधीच ठरवून ठेवा. जीव नकोसा वाटायला लागला तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

टप्पा ९ : कधी फोन, कधी थेट हॉस्पिटल

त्याच दिवशी फोन करा: १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, हिरवट आणि घाण वासाचा स्राव, वाढत जाणारी सूज किंवा लाली, त्वचा काळी पडणं, लघवीची धार दिवसेंदिवस बारीक होणं, खोली अचानक एक-दोन खुणांनी कमी होणं.

थेट निघा: तासाभरात पॅड पूर्ण भिजवणारं ताजं रक्त (जाताना स्वच्छ कपड्याने घट्ट दाबून धरा), लघवी पूर्ण बंद, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं. शेवटच्या दोन्हींत गुठळी असू शकते, तिथे ‘सकाळी बघू’ नाही.

योनीतून गॅस किंवा मल आल्यासारखं वाटलं तर डायलेशन थांबवा, आत काही घालू नका आणि सर्जनला गाठा. रेक्टम आणि योनी यांमध्ये भोक पडलेलं असू शकतं. हे क्वचित होतं, पण लाजेने आठवडाभर गप्प बसलं की दुरुस्ती लांबते.

रात्री जवळच्या कॅज्युअल्टीत जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरने हे ऑपरेशन कधी पाहिलेलं नसेल, असं धरून चला. कार्ड दाखवा, तुमच्या सर्जनला फोन लावून थेट त्यांच्या हातात द्या. आणि आत तपासताना कुणी घाईने मोठं उपकरण घालत असेल तर ‘थांबा’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

टप्पा १० : वर्षानंतर

वृषण नसल्याने टेस्टोस्टेरॉन दाबणारी गोळी (सायप्रोटेरॉन, स्पायरोनोलॅक्टोन) आता लागत नाही. ती बंद करायची, पण एन्डोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरला) विचारून. इस्ट्रोजेन मात्र सोडायचं नाही. ‘झालं ऑपरेशन, आता गोळ्या कशाला’ म्हणून दोन्ही बंद करणाऱ्या पुष्कळ आहेत. शरीरात कोणतंच हार्मोन उरलं नाही की हाडं ठिसूळ होतात, थकवा येतो, मन खचतं.

प्रोस्टेट आत आहे हे विसरू नका. वय वाढल्यावर लघवीची तक्रार आली तर डॉक्टरला सांगा, नाहीतर ओळखपत्रावर ‘स्त्री’ पाहून तो तिकडे बघणारही नाही. गर्भाशयाचं तोंड नसल्याने त्याची पॅप तपासणी लागत नाही. गुप्तरोगांच्या तपासण्या लागतात. सिग्मॉइड असेल तर रक्त, खूप आव किंवा पोटदुखी सुरू झाल्यास दुर्बिणीतून आत पाहून घ्यावं.

ओठांचा आकार किंवा लघवीची वाकडी धार दुरुस्त करायची असेल तर ती छोटी दुसरी शस्त्रक्रिया सूज पूर्ण उतरल्यावरच करतात, सहा महिन्यांआधी नाही. कागदपत्रांचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवरून होतो. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून भरण्याच्या दिवशी पोर्टलवरची सूचना वाचा. आधी ओळखीचं प्रमाणपत्र, मग आधार, मग पॅन आणि बँक, या क्रमाने गेलात तर एकाच खिडकीवर तीनदा जावं लागत नाही.